कमी पैशांत स्कूबाचं सामान: आधी काय घ्यावं, कशासाठी थांबावं

ओपन वॉटरचं कार्ड, म्हणजे स्कूबाच्या पहिल्या कोर्सचं प्रमाणपत्र, हातात पडलं की पहिला प्रश्न येतो, सामान घ्यायचं का? दुकानदाराकडे त्याचं उत्तर तयार असतं: मास्कपासून रेग्युलेटरपर्यंतचा सगळा सेट, त्यावर थोडी सूट आणि वर एक पिशवी फुकट. खिसा लहान असेल तर त्या सेटकडे पाठ फिरवा. स्कूबाचं सामान तुकड्यातुकड्यानं घेतात, आणि त्याचा क्रम ठरलेला आहे. चेहऱ्याला आणि अंगाला भिडणारं आधी, मग कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारं मनगटावरचं यंत्र), मग रेग्युलेटर (सिलिंडरची हवा तोंडापर्यंत आणणारा), आणि सगळ्यात शेवटी बीसीडी (तरंगणं सांभाळायला हवा भरता येणारं जॅकेट). या क्रमाला कारण आहे. चेहरा, पाऊल आणि अंग प्रत्येकाचं वेगळं असतं, त्यामुळे भाड्याच्या सामानाचा सगळ्यात जास्त त्रास तिथेच होतो, आणि याच वस्तू सर्वांत स्वस्तही असतात. ज्या महाग असतात त्या सेंटरवर भाड्यानं बऱ्या मिळतात.

मालवणला दांडीच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ एकदा ट्राय डाइव्ह केली, एवढाच अनुभव असेल तर हा लेख जपून ठेवा आणि आधी कोर्स करा. ट्राय डाइव्हमध्ये तुम्हाला धरून नेतात. स्वतःचं सामान वापरायची वेळ त्यात येतच नाही.

१. आधी हिशेब, मग दुकान

कार्ड मिळाल्यावर किमान आठ-दहा डाइव्ह भाड्याच्या सामानावर करा, आणि प्रत्येक वेळी लॉगबुकात तीन गोष्टी लिहा: बीसीडीचा साइज, शिशाचं वजन किती किलो घेतलं, कुठे टोचलं किंवा गळलं. पुढे दुकानात उभं राहिल्यावर ही पानंच कामाला येतात.

नेहमी जिथे जाता त्या सेंटरला सरळ विचारा, "स्वतःचं सामान आणलं तर किती कमी कराल?" भारतात बहुतेक ठिकाणी डाइव्हच्या दरातच सामान धरलेलं असतं. कोणी थोडे पैसे कमी करतं, कोणी काहीच नाही. समजा रेग्युलेटर आणि बीसीडी मिळून ८०,००० रुपयांना पडले आणि सेंटरनं दर डाइव्हमागे ५०० रुपये सोडले, तर पैसे वसूल व्हायला १६० डाइव्ह लागतील. त्यात सर्व्हिसिंगचा खर्च धरलेला नाही. वर्षाला डिसेंबरात एकदा अंदमान आणि एखादा शनिवार-रविवार गोव्याचं ग्रँड आयलंड, म्हणजे दहा-बारा डाइव्ह करणाऱ्यानं हा भागाकार कागदावर मांडून पाहावा. मास्क आणि कॉम्प्युटरला मात्र हा हिशेब लावू नका. ते पैसे वाचवायला घ्यायचे नसतात.

२. मास्क

पहिली खरेदी हीच. पोहण्याचा गॉगल चालत नाही, कारण नाक बाहेर राहतं. खोल गेल्यावर आतली हवा दाबली जाते, ती नाकातून भरून काढता आली नाही तर डोळ्यांवर ताण येऊन रक्त साकळतं. डेकॅथलॉनच्या सुबिया ब्रँडचा ईझीब्रेथसारखा पूर्ण चेहऱ्याचा मास्क फक्त पाण्यावर तरंगत स्नॉर्केलिंग करण्यासाठी आहे. स्कूबात तो चालत नाही, कितीही स्वस्त मिळाला तरी.

पारख अशी करा:

– केस मागे घ्या, पट्टा मास्कच्या पुढे टाका आणि मान वर करून छताकडे बघा.
– मास्क चेहऱ्यावर नुसता ठेवा, ओढून घेऊ नका. कपाळ, कानशिलं, गाल आणि नाकाखाली कुठे फट राहते का, ते दुसऱ्या कुणाला तरी पाहायला सांगा.
– आता नाकानं हलकाच श्वास आत घ्या आणि मान सरळ करा. मास्क चिकटून राहिला पाहिजे.
– तोंडात स्नॉर्केलचा किंवा रेग्युलेटरचा माउथपीस धरून पुन्हा तेच करा. ओठ ताणले की गालांचा आकार बदलतो, आणि मघाशी छान बसलेला मास्क इथे नापास होऊ शकतो.
– नाकपुड्या बाहेरून दोन बोटांच्या चिमटीत येतात का पाहा. कान मोकळे करायला हे लागणारच.

बहुतेकांची चूक तिसऱ्या पायरीत होते. जोरात श्वास ओढला की जवळपास कुठलाही मास्क चिकटतो, आणि दुकानदार तसाच ओढायला सांगतो. हलका श्वास म्हणजे फुलाचा वास घेतल्याइतकाच.

काचेवर ‘टेम्पर्ड’ अशी खूण कोरलेली असावी. कडेचा मऊ भाग सिलिकॉनचा हवा. पीव्हीसीचा भाग काही महिन्यांत कडक होतो आणि मग चेहऱ्यावर बसत नाही. ही खूण आणि सिलिकॉन असेल, तर साध्या आणि महागड्या मास्कमध्ये पाण्याखाली फारसा फरक नसतो. जास्तीचे पैसे रंगाचे आणि नावाचे.

मिशी असेल तर नाकाखालून पाणी झिरपणारच. मिशीच्या वरच्या कडेची अगदी बारीक पट्टी काढली की पुष्कळ फरक पडतो. मिशीला हात लावायचा नसेल तर तिथे शुद्ध सिलिकॉन ग्रीस चोळा. व्हॅसलीन नको.

चष्मेवाल्यांनी आधी नंबरच्या तयार काचा कोणत्या मॉडेलला मिळतात ते पाहावं आणि मग त्या मॉडेलांपैकी चेहऱ्याला बसेल तो निवडावा. अशा काचा दोन वेगळ्या खिडक्या असलेल्या ठरावीक मास्कलाच बसतात आणि अर्ध्या नंबराच्या अंतरानं मिळतात. सिलिंडरचा (चष्म्याच्या कागदावरचा ‘सीवायएल’) नंबर त्यात नसतो, म्हणून त्याचा अर्धा भाग मुख्य नंबरात मिळवतात. मुख्य नंबर उणे ३ आणि सिलिंडर उणे १ असेल तर काच उणे ३.५ ची. सिलिंडर मोठा असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स पाण्याखाली चालतात, कडक नाही.

नव्या मास्कच्या काचेवर आतून कारखान्यातला तेलकट थर असतो. तो काढला नाही तर मास्क प्रत्येक डाइव्हला धुरकट होणार. पांढरी, जेल नसलेली टूथपेस्ट बोटानं आतून दोन-तीन मिनिटं चोळा आणि धुऊन टाका. असं चार-पाच वेळा करावं लागतं. काचेला आतून कोटिंग असेल तर हा प्रयोग करू नका, सोबतचा कागद वाचा. रोजच्या वापराला पाण्यात मिसळलेला बेबी शाम्पूचा एक थेंब पुरतो. थुंकीही चालते, जगभर तीच वापरतात.

स्नॉर्केल साधी, इंग्रजी ‘जे’सारखी वाकडी नळी घ्या. झडपा आणि डबे लावलेली नको.

३. फिन्स आणि बूट

फिन्स दोन प्रकारच्या. एक अनवाणी पायात, चपलेसारख्या घालायच्या. दुसऱ्या टाचेकडे उघड्या असतात, मागे पट्टा असतो आणि त्या निओप्रीनच्या बुटांवर घालायच्या. पहिल्या हलक्या आणि स्वस्त. पण कोकणात बऱ्याच ठिकाणी होडीपर्यंत गुडघाभर पाण्यातून, खडकांवरून आणि शिंपल्यांवरून जावं लागतं, म्हणून इथे दुसरा प्रकार सोयीचा. अंदमानात होडीवरून थेट उडी मारायची असेल तर पहिल्यानं भागतं.

आधी बूट घ्या, मग तेच बूट पायात घालून फिन्स निवडा. हा क्रम उलटा झाला की एक तरी वस्तू परत विकावी लागते. बुटाचा तळ जाड रबराचा हवा, मोज्यासारखा मऊ नको. फिनच्या खोबणीत पाऊल घालून पाय झटका. फिन डुलली तर सैल, बोटं मुडपली तर घट्ट. सैल फिनमुळे पोटरीत गोळे येतात, आणि ते येतात नेमके प्रवाहाविरुद्ध पाय मारताना.

स्नॉर्केलिंगच्या आखूड फिन्स स्वस्त दिसतात, पण पाठीवर सिलिंडर घेऊन त्यांनी पुरेसा जोर लागत नाही. जुन्या फिन्स घ्यायला हरकत नाही, बिघडण्यासारखं त्यात फार काही नसतं. पात्याच्या मुळाशी चीर आहे का आणि पट्ट्याचं बक्कल नीट लागतं का, एवढं बघा. पट्टा तुटला तर तो एकटा बदलता येतो. त्याऐवजी स्टीलच्या स्प्रिंगचा पट्टा लावून घेतलात तर पुढे बघायला नको.

४. वेटसूट

आपल्याकडच्या पाण्यात ३ मिमी जाडीचा पूर्ण अंगाचा सूट पुरतो. अंदमानात एखाद्या डाइव्हला लायक्राचा रॅशगार्ड आणि लेगिंग्जही चालतात, पण दिवसाला तीन डाइव्ह केल्या की तिसरीत दात वाजायला लागतात. अर्ध्या बाह्यांचा सूट थोडा स्वस्त पडतो, पण जेलीफिश आणि धारदार खडकांपासून पूर्ण सूटच वाचवतो.

कोरडा सूट घालताना घाम फुटला पाहिजे. घातल्यावर कमरेच्या वरची पाठ, काखा आणि जांघ या तीन ठिकाणी हवेचे फुगवटे राहिले तर तो सूट तुमचा नाही, कारण तिथून पाणी सतत खेळत राहणार. उठाबशा काढा, हात डोक्यावर न्या. गळ्यात एक बोट जाईल इतकी जागा हवी.

जुना सूट घेताना गुडघा आणि कोपराचं कापड बाहेरच्या बाजूला दुमडून धरा. निओप्रीनवर बारीक भेगा दिसल्या तर तो संपलेला. शिवण उसवलेली चालेल, निओप्रीनच्या गोंदानं घरीच चिकटते. चेन जाम असेल तर मेण घासून बघा, तरीही सरकली नाही तर सोडून द्या. नवा सूट जास्त तरंगतो, त्यामुळे पहिल्या डाइव्हला शिशाचं वजन नव्यानं तपासायचं.

इंग्लंड, जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींना यातलं काहीच लागू नाही. तिथल्या तलावांत ३ मिमीत टिकाव लागणार नाही, आणि १० अंशांखालच्या पाण्यासाठी रेग्युलेटरही थंड पाण्यासाठी प्रमाणित केलेलाच हवा. तिथे क्लबात सामील होऊन क्लबचं सामान वापरणं सगळ्यात स्वस्त.

५. पाऊच भरा

तीन वस्तू, खर्च कमी. पहिली, पाण्यावर सोडायचा नारिंगी फुगा, म्हणजे एसएमबी: १ ते दीड मीटर लांबीचा, जास्त हवा आपोआप सोडणारी झडप असलेला, आणि सोबत १५ ते ३० मीटर दोरीचं रीळ. मासेमारीच्या होड्या फिरतात त्या पाण्यात वर येताना तुम्ही कुठे आहात हे त्यांना यातूनच कळतं. तो सोडायला मात्र आधी शिकून घ्या, दोरी बोटात अडकली तर तुम्हीही फुग्याबरोबर वर जाल. दुसरी, कात्री. तुटलेल्या जाळ्यांचे तुकडे खडकांवर लटकत असतात, आणि नायलॉनचं जाळं सुरीपेक्षा कात्रीनं लवकर कापलं जातं. मेडिकलच्या दुकानात मिळणारी बोथट टोकाची, बँडेज कापायची कात्री पुरेशी आहे. ती गंजते, मग नवी घ्यायची. तिसरी, शिट्टी.

टॉर्च रात्रीची डाइव्ह करायला लागल्यावर.

६. डाइव्ह कॉम्प्युटर

पहिला मोठा खर्च इथे करा. गाइडच्या मनगटावरचा कॉम्प्युटर गाइडची खोली आणि वेळ मोजतो. तुम्ही त्याच्यापेक्षा दोन-तीन मीटर खाली रेंगाळलात तर तुमच्या अंगात जास्त नायट्रोजन मुरतो, आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. दोघांत मिळून एक कॉम्प्युटर ही काटकसरही करू नका. आज एका डाइव्हला तुम्ही आणि दुसऱ्याला मित्र, असं केलं की त्यातला नायट्रोजनचा हिशेब दोघांसाठीही खोटा होतो.

नवशिक्याला लागतं ते एवढंच: खोली, वेळ, त्या खोलीवर आणखी किती मिनिटं राहता येईल, वर यायचा वेग आणि नायट्रॉक्सची (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेची) सोय. हे सगळं सर्वांत स्वस्त मॉडेलांतही असतं. क्रेसी लिओनार्डो किंवा मॅरेस पक प्रो या वर्गातल्या कॉम्प्युटरांत बॅटरी घरी बदलता येते, नाणं घेऊन झाकण फिरवलं की झालं. बॅटरीसाठी कंपनीकडे पाठवावं लागेल असं मॉडेल भारतात घेऊ नका. सिलिंडरची हवा मनगटावर दाखवणारा ट्रान्समीटर ही चैन आहे, रेग्युलेटरला जोडलेला साधा गेज तेच काम करतो.

जुना घेताना बॅटरीचं झाकण समोर उघडायला सांगा. आत हिरवट-पांढरी पूड दिसली तर पाणी शिरलेलं आहे, पुढे बोलू नका. ठीक असेल तर पेल्यातल्या पाण्यात बुडवा, पाण्याच्या स्पर्शानं चालू होणारं मॉडेल असेल तर जागं व्हायला हवं. लॉग उघडा, एकूण डाइव्ह बघा. शेवटची डाइव्ह काल-परवाची असेल तर त्यातला उरलेला नायट्रोजन तुमच्या नावावर येऊ देऊ नका, मोजणी पूर्ण उतरेपर्यंत थांबा. बॅटरी बदलताना झाकणाची ओ-रिंगही बदला. दहा-वीस रुपयांची ती रिंग वाचवून पंचवीस हजारांचा कॉम्प्युटर बुडवणारे कमी नाहीत.

७. रेग्युलेटर: जुना घ्यायचा तर

रेग्युलेटरचं काम दोन टप्प्यांत चालतं. सिलिंडरवर बसतो तो फर्स्ट स्टेज, तो सुमारे २०० बारचा दाब ९ ते १० बारवर आणतो. तोंडात धरतो तो सेकंड स्टेज, तो पुढे तुमच्या भोवतीच्या पाण्याच्या दाबाइतका करतो. बॅकअप म्हणून एक पिवळा जादा सेकंड स्टेज, म्हणजे ऑक्टोपस, आणि हवा किती उरली ते दाखवणारा गेज, असा सेट पुरा होतो.

मॉडेल निवडताना सगळ्यात पहिला प्रश्न हा: याचा सर्व्हिस किट आणि तो बसवणारा प्रमाणित माणूस जवळपास आहे का? मुंबई-पुण्याहून चेन्नईला पाठवावा लागणारा स्वस्त रेग्युलेटर दोन सर्व्हिसिंगमध्ये महाग होतो. उष्ण पाण्यात १८ ते ३० मीटरपर्यंतच्या डाइव्हला साधा, अनबॅलन्स्ड पिस्टन पुरेसा आहे. स्कूबाप्रोचा एमके-२ किंवा क्रेसीचा एसी-२ हे त्यातले. आत हलणारे भाग कमी, म्हणून सर्व्हिसही स्वस्त. सिलिंडर संपत आला की श्वास किंचित जड होतो, तेवढंच.

जोडणी कोणती तेही पाहा. भारतातल्या सेंटरांवर सर्रास ए-क्लॅम्प, म्हणजे झडपेवर बसवून आवळायचा योक चालतो. युरोपातून आलेला सेट बहुतेक डिनचा, म्हणजे झडपेत स्क्रूसारखा फिरवून बसवायचा असतो. त्याला अ‍ॅडॅप्टर लागेल, त्याचे पैसे किमतीत धरा.

आता तपासणी. हा क्रम सोडू नका.

पहिली, कोरडी. फर्स्ट स्टेजवरचा सिरियल नंबर वाचता येतो का? खोडलेला असेल तर उठून चालू लागा. हवा आत घेणाऱ्या तोंडाशी एक छोटी धातूची जाळी दिसते, तिचा रंग बघा. चकचकीत करडी, उत्तम. हिरवट, म्हणजे खारं पाणी आत गेलेलं. तांबूस, म्हणजे गंजलेल्या स्टीलच्या सिलिंडरवर वापरलेला. काळी, म्हणजे कॉम्प्रेसरची हवा किंवा फिल्टर खराब होता. अख्ख्या रेग्युलेटरचा इतिहास त्या चिमुकल्या जाळीत मावतो, आणि विकणाऱ्याला ती पुसायचं बहुधा सुचत नाही.

मग फर्स्ट स्टेजचं झाकण घट्ट दाबून धरा आणि सेकंड स्टेजमधून श्वास ओढा. काहीच यायला नको. हवा आली तर डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) किंवा बाहेर सोडणारी झडप गळते आहे, आणि पाण्यात तिथून घोटभर समुद्र तोंडात येईल. ऑक्टोपसलाही हेच करा.

होजच्या (हवेच्या नळ्यांच्या) टोकांवरचे रबरी टोप मागे सरकवा आणि धातूच्या जोडापाशी होज वाकवून भेगा बघा. पाचेक वर्षांच्या पुढचे होज असतील तर बदलण्याचा खर्च धरा. वरून जाळीदार विणीचा, लवचीक होज नवा दिसतो म्हणून फसू नका. काही जुन्या बनावटींचं आतलं अस्तर उष्ण, दमट हवेत कुजून त्याचे स्फटिक झाल्याचं आढळलं आहे, आणि ते हवेची वाट अडवतात. माउथपीस चावलेला असला तरी हरकत नाही, तो स्वस्तात मिळतो आणि प्लास्टिकच्या टायनं बसतो.

दुसरी, सिलिंडर लावून. जोडण्याआधी गेजचा काटा शून्यावर आहे का पाहा. गेजची काच स्वतःपासून आणि दुसऱ्यांपासूनही वळवून धरा आणि झडप हळूहळू उघडा. पूर्ण दाब आल्यावर झडप बंद करा आणि काट्यावर ५ मिनिटं नजर ठेवा. काटा हलला तर गळती आहे. पुन्हा झडप उघडून सगळं बादलीत बुडवा, बुडबुडे कुठून येतात ते कळेल.

तिसरी, मधला दाब, म्हणजे फर्स्ट स्टेजमधून बाहेर पडणाऱ्या हवेचा. बीसीडीला जाणाऱ्या होजवर लावायचा छोटा गेज मिळतो, सेंटरच्या तंत्रज्ञाकडे असतोच. तो लावून दोन-चार श्वास घ्या. काटा ९ ते १० बारच्या आसपास थांबला पाहिजे आणि तिथेच राहिला पाहिजे. मिनिटभरात हळूहळू वर सरकत गेला तर आतली सीट (झडप टेकते ती जागा) झिजलेली आहे. सर्व्हिसिंगनं हे सुधारतं, पण त्याचे पैसे विकणाऱ्याच्या किमतीतून कमी करून घ्या.

"दोन वर्षं कपाटातच होता, अगदी नवा आहे" हे वाक्य ऐकलं की सर्व्हिसचा खर्च आपोआप धरायचा. न वापरलेलं रबरही सुकतं. बहुतेक कंपन्या वर्षाला किंवा १०० डाइव्हना, जे आधी होईल तेव्हा सर्व्हिस सांगतात, काहींची मुदत जास्त असते. म्हणून तुलना करताना ही बेरीज करा: मागितलेली किंमत, पूर्ण सर्व्हिस, लागतील ते होज, अ‍ॅडॅप्टर. ही रक्कम नव्या साध्या सेटच्या तीन चतुर्थांशाच्या पुढे गेली तर नवाच घ्या. आणि जुना घेतलात तर तपासणी कितीही चांगली झाली तरी सर्व्हिस करून घेतल्याशिवाय समुद्रात नेऊ नका. घरी यूट्यूब बघून उघडू तर अजिबात नका.

८. बीसीडी

सगळ्यात शेवटी. भाड्याचा साधा जॅकेट बीसीडी बहुतेकांना पुरतो, आणि पाठीवरचं ३-४ किलोंचं ओझं विमानात न्यायचं म्हणजे देशांतर्गत १५ किलोंच्या मर्यादेतला मोठा तुकडा गेला.

तरी जुना मिळत असेल तर तोंडानं पूर्ण फुगवून रात्रभर ठेवा. सकाळी तसाच टणक हवा. इन्फ्लेटरला (हवा भरायच्या भागाला) होज जोडून बटण वीसेक वेळा दाबा-सोडा. एकदाही अडकलं तर मीठ साचलं आहे, आणि पाण्याखाली ते अडकणं म्हणजे थेट वर फेकलं जाणं. आत थोडं पाणी घालून खळखळवा आणि ओता. खड्यांसारखं मीठ पडलं तर मागच्या मालकानं कधी धुतलेला नाही. वजनाचे खिसे सोबत आहेत का हे विचारायला लोक विसरतात. ते हरवलेले असतील आणि मॉडेल बंद झालं असेल तर उपाय नाही. रंग उडून कापड पांढरट पडलेलं असेल तर तो पोहण्याच्या तलावातल्या क्लोरिनमध्ये भाड्यानं फिरलेला आहे, शिवणी ओढून बघा.

९. सिलिंडर आणि शिसं घेऊच नका

दोन्ही प्रत्येक सेंटर देतं. सिलिंडरला ठरावीक मुदतीनं हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखालची चाचणी) लागते, आयातीला पेसोची, म्हणजे केंद्र सरकारच्या स्फोटक-सुरक्षा संस्थेची परवानगी लागते, आणि भरलेला सिलिंडर विमानात नेता येत नाही.

ऑनलाइन मिळणाऱ्या अर्ध्या लिटरच्या चिमुकल्या सिलिंडराच्या आणि हातपंपाच्या जोडीपासून दूर राहा. २०० बारला त्यात १०० लिटर हवा मावते. मिनिटाला २० लिटर धरले तर पाण्यावर ५ मिनिटं, १० मीटरवर अडीच. हातपंपाच्या हवेत ओल आणि तेल जाण्याची भीती वेगळीच. आणि दाबाची हवा दोन मीटरवर घेऊन श्वास रोखून वर आलं तरी फुप्फुस फाटू शकतं. पोरांसाठी खेळणं म्हणून तर मुळीच घेऊ नका.

१०. कुठे घ्यायचं, कोणती कागदपत्रं

सीझन संपताना, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, सेंटरं भाड्याचं जुनं सामान काढतात. वापर भरपूर झालेला असतो, पण सर्व्हिसची नोंद असते आणि समोर सिलिंडर लावून तपासता येतं, हा मोठा फायदा. ज्यांच्याकडे शिकलात त्या इन्स्ट्रक्टरच्या कानावर घालून ठेवा. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथे किंवा गोव्यातल्या सेंटरांत शिकलेले लोक छंद सुटला की सामान विकतात, आणि ते ओळखीतूनच जातं.

परदेशी वेबसाइटची किंमत ही तुमची किंमत नव्हे. कुरिअर, सीमाशुल्क आणि जीएसटी मिळवून तिची इथल्या डीलरशी तुलना करा. दुबई-सिंगापूरच्या नातेवाइकांकडून मागवणार असाल तर वॉरंटी भारतात चालते का ते त्या डीलरकडून लेखी घ्या आणि सामानावरची शुल्कमाफीची त्या वेळची मर्यादा बघा. मास्क, फिन्स असं मागवायला हरकत नाही. रेग्युलेटर मागवताना दहा वेळा विचार करा.

एका फाइलीत हे ठेवा:

– कार्डाची प्रत आणि लॉगबुक
– प्रत्येक महाग वस्तूचं बिल, जुनी असेल तर विकणाऱ्याची सही असलेला साधा कागद
– सिरियल नंबरचे फोटो
– सर्व्हिसच्या पावत्या, तारखेसह
– परदेशी डाइव्हिंगला स्वतःचं सामान नेणार असाल तर निघताना विमानतळावरच्या कस्टम्सकडून घेतलेलं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट, म्हणजे परतताना तेच सामान नवं समजून शुल्क मागत नाहीत

विमानात कात्री चेक-इनच्या बॅगेत, टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत. कॉम्प्युटर आणि मास्कही हातातच ठेवा.

११. धुणं-वाळवणं

प्रत्येक दिवसानंतर सगळं गोड्या पाण्यात अर्धा तास भिजत घालायचं. रेग्युलेटर बुडवण्याआधी फर्स्ट स्टेजचं झाकण पुसून घट्ट लावा, आणि पाण्यात असताना सेकंड स्टेजचं मधलं बटण दाबू नका. दाबलं की झडप उघडते आणि पाणी होजमधून मागे फर्स्ट स्टेजपर्यंत जातं. बीसीडीच्या आतही गोडं पाणी फिरवून ओता. वाळवायचं ते सावलीत, गच्चीवरच्या उन्हात नाही. सूट जाड हँगरवर, फिन्स आडव्या, होज गुंडाळताना ओढून घडी न घालता.

कोकणात आणि मुंबईत खरी परीक्षा जून ते ऑगस्ट. डाइव्हिंग बंद, हवा दमट, आणि बॅग माळ्यावर. मास्कला काळे ठिपके पडतात, चेन जाम होते. बॅगेत बंद करण्याआधी दोन दिवस पंख्याखाली ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका, बीसीडी अर्धा फुगवून ठेवा आणि महिन्यातून एकदा बॅग उघडून वारा द्या. गणपती झाले की सगळं बाहेर काढा, कॉम्प्युटरची बॅटरी बघा, आणि रेग्युलेटर सर्व्हिसला द्यायचा असेल तर तेव्हाच द्या. दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की तंत्रज्ञाकडे रांग लागते.